घराचीही खातेवही हवी

व्यापारी माणसाला वहीचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. दिवसाची आवक-जावक कीर्दीत उतरल्याखेरीज आपण दुकानास कुलूप लावीत नाही. बलिप्रतिपदेस नवी वही पूजताना गतवर्षीच्या येण्यादेण्याचा ताळेबंद आपल्या हाती असतो. परंतु ज्या मालमत्तेत आपल्या आयुष्याच्या मिळकतीचा फार मोठा वाटा गुंतलेला असतो, ते राहते घर मात्र बहुधा कोणत्याच वहीत नसते. त्याचा पाया किती खोल आहे, भिंतीतून नळ कोठून गेला आहे, छपराची दुरुस्ती शेवटी कोणत्या साली झाली, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांस उत्तर देता येणार नाही. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण बांधणाऱ्याच्या दगदगीविषयी वापरतो. बांधलेले घर राखणे हे त्याहून अवघड काम आहे, हा धडा प्रस्तुत लेखकास मोठी किंमत देऊन शिकावा लागला. तो अनुभव आणि त्यातून हाती आलेल्या काही व्यवहारोपयोगी गोष्टी आपल्या व्यापारी बंधूंपुढे ठेवाव्या, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका भिंतीची हकीकत

आमचे वडिलोपार्जित घर शहापुरात आहे. पुढे दुकान, मध्ये चौक आणि मागे राहणे, अशी बेळगावच्या जुन्या पेठांतील घरांची जी परिचित मांडणी, तीच त्याचीही. भिंती दगड-मातीच्या, वरून चुन्याचा गिलावा. छपरास सागवानी तुळया आणि मंगळुरी कौले. वडील हयात होते तोवर दरवर्षी मृगापूर्वी कौले शाकारली जात आणि दिवाळीपूर्वी भिंतींस चुना लागे. २००८ साली वडील निवर्तले. त्यानंतर माझ्या हिशेबी मनास हा वार्षिक खर्च अनाठायी वाटू लागला. दरवर्षी पोपडे निघणारा चुना लावीत बसण्यापेक्षा एकदाच काय ते पक्के काम करून मोकळे व्हावे, असा विचार करून २०११ साली मी मागील भिंतीस आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याचे ठरविले. चौकातील मातीची जमीनही काँक्रीटने झाकून टाकावयाची होती.

या कामासाठी प्रथम बोलाविलेला वृद्ध गवंडी भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, “मालक, मातीच्या भिंतीत पाणी येणारच. त्याला बाहेर जायला वाट ठेवा. तुम्ही ठेवली नाही, तर ते आपली वाट आपण करील.” मी ते हसण्यावारी नेले. दुसरा गवंडी मिळण्यास वेळ लागला नाही.

दोन वर्षे भिंत आरशासारखी दिसली. तिसऱ्या वर्षी आतल्या बाजूस छातीइतक्या उंचीवर पांढरा लोणा फुटला. आम्ही वरून रंग दिला. पुढे तुळईच्या टोकाखाली बारीक तडा दिसू लागला. आम्ही तेथे कपाट सरकविले. छपरावरील एक-दोन कौले फुटली होती, तीही ‘पाहू पुढे’ म्हणून तशीच राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली आणि जिच्यात असंख्य घरांची पडझड झाली, त्या आठवड्यात एका रात्री ही भिंत मध्यभागी फुगली आणि सुमारे दहा फूट लांबीचा भाग आत कोसळला. त्या खोलीत आमच्या मातोश्री निजत असत. गळतीमुळे चारच दिवसांपूर्वी त्यांचे अंथरूण माजघरात हलविले होते. सकाळी त्यांच्या पलंगावर दगडांचा ढीग पाहताना माझ्या मनाची जी अवस्था झाली, ती येथे लिहून सांगता येण्याजोगी नाही.

ढिगारा उपसताना सारा हिशेब उलगडला. चौकातील जमीन झाकल्यामुळे तिच्यातील ओल भिंतीतून वर चढत होती. चुन्यातून जी ओल उन्हाळ्यात सुकून जाई, ती सिमेंटच्या दोन थरांमध्ये कोंडली गेली होती. मातीचा मसाला चिखल झाला होता. फुटक्या कौलातून उतरणाऱ्या पाण्याने तुळईचे भिंतीतील टोक कुजून त्याचा भुसा झाला होता. पुढे वडिलांच्या जुन्या पेटीत लाल कापडी बांधणीची एक वही सापडली. तिच्यात शाकारणी, चुना, रीपा, पन्हळ असा घराचा प्रत्येक वर्षाचा खर्च त्यांनी स्वहस्ते टिपून ठेवला होता. अखेरच्या नोंदीनंतर पाने कोरी होती. त्या नोंदींच्या आधारे मी अकरा वर्षांत ‘वाचविलेल्या’ खर्चाची बेरीज केली. पडलेला भाग पुन्हा उभारण्यास जी रक्कम लागली, तिच्या एक-तृतीयांशाइतकीही ती भरली नाही.

पाणी हाच खरा सावकार

घराचे शत्रू अनेक आहेत. तथापि त्यांतील बहुतेक पाण्याच्या पाठीवर बसून येतात. वाळवी ओलीकडे धावते, लाकूड ओलीने कुजते, लोखंड ओलीने गंजते. पाणी किती येते याचा अंदाज आपणांस नसतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. हजार चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. वर्षाकाठी १२०० मिलिमीटर पाऊस धरला, तर त्या एका छपरावर एक लाख अकरा हजार लिटरहून अधिक पाणी पडते, आणि तेही बहुतेक चार महिन्यांत. खानापूरच्या पश्चिमेस घाटाकडे, गोव्यात व कोकणात हा आकडा कितीतरी वाढतो. एवढ्या पाण्यास घरापासून दूर नेणे, हेच घर बांधण्याचे व राखण्याचे निम्मे शास्त्र होय. हा सावकार कधी तगादा लावीत नाही. तो मुकाट्याने व्याज वाढवीत राहतो आणि एके दिवशी मुद्दलासकट वसुली करतो.

नवे घर बांधताना

कोसळलेल्या भागाच्या जागी आम्ही दोन नव्या खोल्या बांधल्या. ठेकेदारावर सर्व सोपवून न देता मी स्वतः रोज कामावर उभा राहिलो. स्वतः घर बांधणे याचा अर्थ आराखडाही अंदाजाने करणे असा नव्हे. लोखंड किती, पाया किती खोल, हे शिकलेल्या अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावे आणि बांधकामाचा परवाना आरंभीच काढावा. परंतु कागदावरचे काम प्रत्यक्षात तसेच होते की नाही, हे पाहण्यास मालकाचे दोन डोळे लागतात.

पाया. बेळगावच्या पश्चिमेकडे तांबडी व जांभ्याची जमीन आहे, तर पूर्वेकडे काळी माती लागते. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उथळ पाया घातल्यास भिंतींना तडे जाणे ठरलेलेच. अशा जागी मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत खाली जावे, अथवा अभियंत्याच्या सल्ल्याने अन्य उपाय करावा. शेजाऱ्याने चार फूट खणले म्हणून आपणही चारच फूट खणावे, हा न्याय जमिनीस लागू पडत नाही.

जोते. जोते रस्त्याच्या आजच्या पातळीवरून ठरवू नये. दर डांबरीकरणागणिक रस्ता वर चढतो आणि जुनी घरे खड्ड्यात जातात, हे आपण पेठेत नित्य पाहतो. जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्यापूर्वी, ओल अडविणारा काँक्रीटचा थर सर्व भिंतींखालून अखंड घालावा. घराभोवतालच्या जमिनीस पहिल्या पाच-सहा फुटांत तीन-चार इंचांचा उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा.

वीट, चिरा आणि वाळू. चांगली वीट दुसऱ्या विटेवर आपटली असता खणखणीत नाद देते. चोवीस तास पाण्यात ठेवली असता तिचे वजन एक-पंचमांशाहून अधिक वाढू नये. बांधण्यापूर्वी वीट भिजवून घ्यावी, नाहीतर ती मसाल्यातील पाणी शोषून घेते. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत कठीण होतो. म्हणून तो काही काळ उघड्यावर ठेवून मगच वापरावा. नदीची वाळू असल्यास काचेच्या बाटलीत एक-तृतीयांश वाळू घालून, मीठ टाकलेल्या पाण्याने बाटली भरावी व हलवून तीन तास ठेवून द्यावी. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या जाडीच्या शेकडा आठ भागांहून अधिक दिसला, तर ती गाडी परत करावी. आपण धान्याचा नमुना तपासल्यावाचून पोती उतरून घेत नाही. येथे तरी का घ्यावी?

सिमेंट आणि पाणी. पोत्यावरील उत्पादनाचा आठवडा वाचावा. तीन महिन्यांहून जुना माल चाचणीखेरीज वापरू नये. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावी. साध्या घराच्या स्लॅबसाठी एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी हे प्रमाण रूढ आहे. त्यात पन्नास किलोच्या एका पोत्यामागे, ओल्या वाळूतील पाणी धरून, ३० लिटरहून अधिक पाणी नको. मिश्रण ओतण्यास सोपे जावे म्हणून मजूर पाण्याची एक बादली वाढवितात. ती बादली काँक्रीटचे बळ घेऊन जाते. त्या दिवशी मालकाने दुसरे कोणतेही काम ठेवू नये.

लोखंड. सळई उघडी पडली की गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट अधिक जागा मागत असल्यामुळे काँक्रीटचे पापुद्रे फोडून बाहेर येतो. यास्तव सळईवर काँक्रीटचे आवरण स्लॅबमध्ये निदान २०, खांबांत ४० व पायात ५० मिलिमीटर असावे. त्यासाठी सळयांखाली सिमेंटचे ठोकळे ठेवतात. खडीचे तुकडे ठेवून वेळ मारून नेऊ देऊ नये.

पाणी मारणे. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, तर पाण्याच्या संयोगाने घट्ट होते. सध्या घरबांधणीत सर्रास मिळणारे राखमिश्रित सिमेंट वापरले असल्यास निदान दहा दिवस ते सतत ओले राहिले पाहिजे; कडक उन्हाळ्यात चौदा. स्लॅबवर छोटे बांध घालून वाफे करावे व त्यांत पाणी उभे ठेवावे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवसांपूर्वी व त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांपूर्वी काढू नयेत. ठेकेदारास सेंट्रिंगचे सामान दुसरीकडे न्यावयाची घाई असते, आपणांस नसावी.

गच्ची. सपाट दिसणारी गच्ची प्रत्यक्षात सपाट असता कामा नये. दहा फुटांस निदान सव्वा इंच उतार पन्हळीच्या तोंडाकडे हवा. कोबा झाल्यावर पन्हळीची तोंडे बंद करून दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास उभे ठेवून पाहावे. छज्ज्याच्या खालच्या बाजूस, बाहेरील कडेजवळ, बोटभर खाच ठेवली म्हणजे पाणी तेथेच गळून पडते; नाहीतर ते छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीपर्यंत येते. एवढीशी खाच ठेवण्यास खर्च काहीच नाही, पण सांगितल्यावाचून ती कोणी ठेवीत नाही.

जुने घर राखताना

ज्यांची घरे दगड-मातीची वा चुन्याची आहेत, त्यांस माझी कळकळीची विनंती आहे की, मी केलेली चूक त्यांनी करू नये. चुन्याच्या भिंतीस चुन्याचाच गिलावा करावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कठीण होतो. त्यास घाई चालत नाही आणि मुसळधार पावसात हे काम काढता येत नाही. पूर्वी चुना घाणीत मळीत व त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालीत. असे काम जाणणारे गवंडी आता थोडे उरले आहेत, पण शोधल्यास सापडतात. माझ्या भिंतीचा उरलेला भाग त्या वृद्ध गवंड्याच्या मुलाने सिमेंट खरवडून पुन्हा चुन्यात केला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींनी जो अनर्थ केला, त्याचे एक कारण अभ्यासकांनी असे सांगितले की, भिंतीचे आतले व बाहेरचे पदर एकमेकांस बांधणारे आरपार दगड तेथे नव्हते. आमच्या भिंतीतही ते नव्हते. जुन्या भिंतीस पोट आलेले दिसले तर रंगारी न बोलावता अभियंता बोलवावा. आवश्यक तेथे दगड काढून आरपार सांधणी करता येते.

तुळयांची भिंतीतील टोके ही लाकडी घराची मर्मस्थाने होत. तेथे दरवर्षी सुईने अथवा बारीक हत्याराने टोचून पाहावे. हत्यार सहज आत शिरले तर लाकूड गेले असे समजावे. टोकाभोवती थोडी मोकळी जागा ठेवली तर हवा खेळती राहते. ओल्या भिंतीतून गेलेल्या जुन्या विजेच्या तारा तर प्राणघातकच. त्या बदलून जमिनीशी नीट जोडणी करावी व ३० मिलिअँपिअर गळतीस वीज तोडणारा संरक्षक स्विच बसवावा.

वर्षाचे वेळापत्रक

वैशाखात छपरावर चढावे: फुटकी कौले बदलावी, सरकलेली बसवावी, आढ्यावरील कौलांचे सांधे भरावे. गच्ची झाडून पन्हळी मोकळ्या कराव्या. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप बोटभर असतानाच काढावे. हातभर झाले की ते भिंत घेऊन निघते. पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. पाणी कोठे तुंबते, कोठून उडते, कोठे भिंत चाटते, हे त्या अर्ध्या घटकेत जेवढे कळते तेवढे पुढे महिनाभर शोधूनही कळत नाही. दिवाळीच्या सुमारास ओलीचे डाग, तडे व लोणा यांची पाहणी करून दुरुस्ती उरकावी. तडा वाढतो की नाही हे पाहण्यास त्याच्या दोन्ही टोकांस पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी. आपल्या लोकांत पावसाळ्यात शेवाळावर पाऊल पडू नये याची काळजी घेतली जाते; गच्चीवर व चौकात पाणीच साचू न दिले तर शेवाळ धरणार नाही आणि ती काळजीही आपोआप हलकी होईल.

घराची वही

आता त्या वहीविषयी. तिचे तीन भाग करावे. पहिल्या भागात घराची कुंडली: नकाशे, पायाची खोली, स्लॅब घातल्याची तारीख, सिमेंटचा प्रकार, आणि गिलाव्यापूर्वी घेतलेली नळ व तारांची छायाचित्रे. पुढे भिंतीत खिळा ठोकताना या छायाचित्रांचे मोल कळते. दुसऱ्या भागात वर्षवार केलेले काम, कारागिराचे नाव व खर्च. तिसऱ्या भागात दिसलेले पण अद्याप न केलेले काम, म्हणजेच घराची उधारी. हा तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा. माझा लोणा आणि माझा तडा या पानावर चढले असते, तर कपाटाआड लपले नसते.

खर्चाविषयी मी एक साधा नियम ठरविला आहे. हेच घर भाड्याने घेतले असते तर एका महिन्याचे जे भाडे द्यावे लागले असते, तेवढी रक्कम दरवर्षी पाडव्यास घराच्या नावे जमा करावयाची. खर्च झाली नाही तर ती पुढील वर्षी ओढावयाची, पण अन्यत्र वळवावयाची नाही. कारागिरांशी व्यवहार ठेवताना कामाचा तपशील लेखी असावा, मजुरी वेळच्या वेळी द्यावी. मात्र गच्चीसारख्या कामात ठेक्याचा दहावा हिस्सा एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याचे आरंभीच ठरवावे. आणि जाणता गवंडी काही सांगू लागला, तर तो आपल्यापेक्षा कमी शिकलेला आहे म्हणून त्याचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये.

वडिलांच्या त्या वहीची कोरी पाने मी तशीच ठेवली आहेत. त्यांत खोट्या नोंदी भरता येत नाहीत. त्यांच्या पुढच्या पानापासून २०१९ चा पाडवा सुरू होतो. आता दरवर्षी दुकानाच्या वह्यांबरोबर तीही पाटावर मांडली जाते, आणि मातोश्री हळदकुंकू वाहताना प्रथम तिलाच वाहतात. येत्या पाडव्यास आपल्याही पाटावर अशी एक वही असावी, एवढे सांगून हा लेख पुरा करतो.